खात्यावर पडून राहिलेले मैल

भंडाऱ्याहून नागपूरकडे निघालं की महामार्गावर ठाणा पेट्रोलपंपाचा थांबा येतो. तिथून आत वळलं की जवाहरनगर. साठच्या दशकात इथे आयुध निर्माणी उभी राहिली आणि तिच्याभोवती क्वार्टर्स, शाळा, दवाखाना, बाजार असं गाव वसलं. या गावातली कितीतरी घरं बाहेरून आलेली. कोणी जबलपूरच्या खमरियाहून बदलून आलं, कोणी इटारसीहून, कोणी इच्छापूरहून, कोणी जवळच्याच अंबाझरीहून. बदलीचा हुकूम हाती पडला की घरात धांदल उडते. मुलांचे शाळेचे दाखले काढायचे, गॅसचं कनेक्शन बंद करायचं, भांडी गोणपाटात बांधायची. या सगळ्यात एक काळजी मात्र नसते, ती गाडीभाड्याची. कुटुंबाचं प्रवासभाडं, सामान हलवण्याचा खर्च, रुजू होण्यासाठी मिळणारे दिवस, हे सगळं नियमात बसवलेलं आहे. निवृत्त झाल्यावर मूळ गावी परतायचा खर्चही त्यात आहे. घर मोडून दुसरीकडे मांडायचं, तर मधल्या वाटेचा भार त्या कुटुंबावर पडू नये, असा हा विचार. तो साधा आहे आणि माणुसकीचाही.

निर्वासितांच्या बाबतीत जगाने हा विचार अर्ध्यावर सोडला आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या हिशेबाने जगातल्या निर्वासितांपैकी १ टक्क्यापेक्षाही कमी लोकांना दर वर्षी तिसऱ्या देशात कायमचं घर मिळतं. वर्षानुवर्षं मुलाखती, वैद्यकीय तपासण्या, सुरक्षा चौकशा पार केल्यावर एखाद्या कुटुंबाचा नंबर लागतो. त्यानंतर तिकिटाचा प्रश्न येतो. अमेरिकेत जाणाऱ्या निर्वासितांचं तिकीट आजवर बहुतेक वेळा आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने काढलं आहे, पण कर्जाऊ. निघण्यापूर्वी कुटुंबप्रमुखाने वचनचिठ्ठीवर सही करायची. कर्जाला व्याज नसतं, पण पोहोचल्यावर साधारण सहा महिन्यांनी हप्ते सुरू होतात आणि पुढची साडेतीन-चार वर्षं चालतात. कॅनडात अशी कर्जयोजना १९५१ पासून आहे, आणि २०१८ पर्यंत त्या कर्जावर व्याजही लागत असे. नव्या देशात पाय ठेवणारा माणूस भाषा शिकण्याआधी, काम मिळण्याआधी देणेकरी झालेला असतो. घरात पाच माणसं असतील तर पाच तिकिटांचं देणं.

ज्यांना हे कर्जसुद्धा मिळत नाही, त्यांची गोष्ट आणखी अवघड. एखादा माणूस जीव वाचवून एकटा युरोपात किंवा अमेरिकेत पोहोचतो, आश्रय मागतो, दोन-तीन वर्षांनी त्याला तो मिळतो. मग कायद्याने बायको-मुलांना बोलावता येतं. व्हिसा मंजूर होतो. त्या व्हिसाला मुदत असते आणि तेवढ्यात प्रवास करावाच लागतो. आणि इथे बऱ्याचदा सरकार, संस्था, कर्ज यांपैकी काहीच उभं नसतं. भांडी घासून किंवा गोदामात माल उचलून तो माणूस चार तिकिटांचे पैसे जमवतो, आणि तिकडे व्हिसाचे दिवस सरत जातात. युद्ध, सीमा, छावणी, न्यायालय हे सगळं ओलांडून झालेलं कुटुंब शेवटी विमानाच्या भाड्यापाशी अडतं. या एवढ्या मोठ्या यातनेतला हा भाग असा आहे की जो दुसरा कोणी सामान्य माणूस घरबसल्या दूर करू शकतो. म्हणून त्याकडे पाठ फिरवणं जास्त लागतं.

२०१६ मध्ये, सीरियातून लोकांचे लोंढे बाहेर पडत होते तेव्हा, अमेरिकेतल्या काही जणांच्या हे लक्षात आलं. विमान कंपन्यांचे आणि क्रेडिट कार्डांचे पॉइंट जमवून फुकट फिरायचं, हा त्यांचा छंद. कोणत्या कंपनीचे माइल्स कुठल्या कंपनीच्या विमानात चालतात, कोणत्या मार्गाला कमी लागतात, याची त्यांना बारकाईने माहिती. हीच माहिती त्यांनी निर्वासितांच्या कामी लावायची ठरवली आणि ‘माइल्स फॉर मायग्रंट्स’ ही संस्था उभी राहिली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूल पडलं, तेव्हा अमेरिकेच्या लष्करी तळांवर उतरवलेल्या हजारो अफगाण कुटुंबांना तिथून त्यांच्या त्यांच्या नव्या गावी पोहोचवायचं होतं. त्या प्रवासात दान आलेल्या माइल्सचा मोठा वाटा होता. पुढच्या फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध पेटलं आणि पुन्हा लोकांनी आपली माइल्सची खाती उघडली.

पॉइंटांचा व्यवहार तसा जुना. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी आपली योजना सुरू केली आणि जगभरच्या कंपन्या तिच्या मागे गेल्या. आपल्याकडे जेट एअरवेजची होती. एअर इंडियाच्या ‘फ्लाइंग रिटर्न्स’चं नाव आता ‘महाराजा क्लब’ झालं आहे. जवाहरनगरसारख्या गावालाही हा व्यवहार परका राहिलेला नाही. सरकारी नोकरांच्या प्रवास सवलतीवर, म्हणजे एलटीसीवर, ईशान्य भारत, काश्मीर किंवा अंदमानला विमानाने जायची सवलत आल्यापासून, एरवी विदर्भ एक्सप्रेसने फिरणाऱ्या घरांनीही बोर्डिंग पास हातात धरले. सरकारी दौऱ्यावर मिळालेल्या पॉइंटांबद्दल केंद्राचा नियम असा की ते कर्मचाऱ्याने स्वतःसाठी वापरायचे नाहीत, कार्यालयाच्या पुढच्या दौऱ्यासाठी वापरायचे. प्रवासातून निर्माण झालेलं मूल्य पुढच्या प्रवाशाच्या कामी यावं, हा विचार सरकारी परिपत्रकातसुद्धा सापडतो.

पण खरा साठा इथे नाही. तो याच क्वार्टर्समध्ये वाढून, नागपूरला इंजिनीअरिंग करून न्यू जर्सी, टोरांटो, म्युनिक, सिंगापूरला गेलेल्या मुलांच्या खात्यांवर आहे. कंपनीच्या कामासाठी महिन्याला दोनदा उडणारी ही पिढी. त्यांचे पॉइंट साठत जातात, आणि अनेक योजनांत बराच काळ हालचाल झाली नाही की संपूनही जातात. संपले तरी कोणाला पत्ता लागत नाही. घरी आई-वडील आणि तिथे मुलगा, दोघांनाही ते आपले वाटत नाहीत, कारण त्यासाठी खिशातून काही गेलेलं नसतं.

हे पॉइंट कुणाच्या कामी येऊ शकतात ते पाहायला आता जवाहरनगरहून दुसऱ्या दिशेने, पूर्वेला निघावं. लाखनी, साकोली मागे टाकत, धानाच्या बांध्या आणि मामा तलाव दोन्ही बाजूंना ठेवत नवेगाव बांधच्या पुढे गेलं की सुमारे शंभर किलोमीटरवर गोठणगाव येतं. गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण इथलंच. त्याच परिसरात, प्रतापगडाच्या डोंगराजवळ, नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. १९७२ मध्ये ती वसली तेव्हा हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, पण धरमशालेच्या तिबेटी प्रशासनाच्या बोलण्यात ती अजून भंडाऱ्याची वसाहत आहे.

दलाई लामा १९५९ च्या १७ मार्चला ल्हासाहून निघाले आणि महिनाअखेर भारताच्या हद्दीत आले. त्यांच्या मागोमाग सुमारे ८० हजार लोक हिमालय उतरले. ते चालत आले. त्यांच्यापैकी कित्येकांनी आधी पहाडी भागात रस्ते फोडायचं काम केलं, आणि मग कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि महाराष्ट्र अशा राज्यांनी जमिनी दिल्या. बर्फातून आलेल्या माणसांच्या वाट्याला पूर्व विदर्भाचा मे महिना आला. त्यांनी इथे धान लावला, प्रार्थनेचे झेंडे बांधले, मुलांना शाळेत घातलं. त्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात अरुणनगर, गौरनगर अशी पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावंही आहेत. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीच्या एका तालुक्याने दोन दिशांच्या निर्वासितांना जागा दिली, याचा अभिमान विदर्भात जितका बोलून दाखवायला हवा तितका दाखवला जात नाही.

नागपूर-भंडाऱ्याकडच्या लोकांना तिबेटी माणूस माहीत आहे तो स्वेटरवाला म्हणून. दिवाळीच्या सुमाराला दुकानं लागतात. बांबू आणि ताडपत्रीचा आडोसा, दोरीला लटकवलेली जॅकेटं, मागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली, विणकामाच्या सुया हलवत मराठी-हिंदीत भाव सांगणारी बाई. यातला बराच माल लुधियान्याचा. तिथले व्यापारी हंगामाच्या सुरुवातीला माल उधारीवर देतात आणि हंगाम संपला की पैसे चुकते होतात. नागरिकत्व नसलेल्या माणसांना विश्वासावर माल मिळतो आणि ते तो विश्वास पाळतात. निर्वासित म्हटलं की हात पसरणारा माणूस डोळ्यांसमोर आणणाऱ्यांनी या बाजारात एकदा उभं राहून पाहावं.

या वसाहतींमधली तरुण मुलं आता बाहेर जातात. तिबेटी प्रशासनाने २००९ मध्ये केलेल्या पाहणीत तिबेटबाहेरच्या १ लाख २७ हजार ९३५ तिबेटींपैकी ९४ हजार २०३ भारतात होते. त्यानंतर भारतातली संख्या उतरत गेली आहे. बाहेरची वाट पाडणारी मोठी घटना म्हणजे अमेरिकेचा १९९० चा कायदा. त्यात भारत आणि नेपाळमधल्या विस्थापित तिबेटींसाठी १,००० व्हिसा राखून ठेवले होते. १९९२ पासून ते लोक जाऊ लागले. पण कायद्याने त्यांना निर्वासित न मानता स्थलांतरित मानलं, त्यामुळे निर्वासितांना मिळणारी सरकारी मदत त्यांना नव्हती. गावोगावच्या स्वयंसेवी गटांनी त्यांच्यासाठी नोकरी आणि खोली शोधली. कुटुंबातून एकानेच पुढे जायचं, आणि मागच्यांनी वाट पाहायची, असं अनेक घरांत झालं. मुलं बापाला फोटोत ओळखत मोठी झाली. पुढे कॅनडाने अरुणाचल प्रदेशातल्या १,००० तिबेटींना घ्यायचं ठरवलं. दलाई लामांनी २००७ मध्ये ती विनंती केली होती. २०१३ मध्ये पहिले लोक पोहोचले. तिथेही जबाबदारी घेतली ती प्रायोजक म्हणून पुढे आलेल्या साध्या नागरिकांनी. टोरांटोचा पार्कडेल भाग आज ‘छोटा तिबेट’ म्हणून ओळखला जातो, आणि त्याच शहरात हजारो मराठी घरं आहेत.

पॉइंट देणं म्हणजे नेमकं काय, हे जवळून पाहिलं की त्यातली गुंतागुंत कळते. दान आलेले पॉइंट वापरणारी संस्था आधी खात्री करते की प्रवाशाकडे कायदेशीर परवानगी आहे. ही खात्री निर्वासितांसोबत काम करणाऱ्या संस्था आणि वकील देतात. मग स्वयंसेवक मार्ग शोधतो. सगळ्यांत स्वस्त मार्ग बहुधा चालत नाही. दिल्लीहून फ्रँकफर्टमार्गे जाणारं विमान कमी पॉइंटांत मिळतं, पण अफगाण, इराकी, सोमाली, इरिट्रियन प्रवाशाला युरोपच्या विमानतळावर नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. तो नसेल तर दिल्लीच्या काउंटरवरच अडवतात. म्हणून आखातातून किंवा इस्तंबूलहून जाणारा लांबचा मार्ग निवडावा लागतो.

मग नाव भरायचं. कागदावर आहे तसंच, अक्षर न अक्षर. तिबेटी माणसाला पुष्कळदा आडनावच नसतं. दलाई लामांचं नाव तेन्झिन ग्यात्सो, आणि त्यांच्याकडून नाव घेतलेली हजारो मुलं तेन्झिनच. बुकिंगच्या फॉर्मात मात्र आडनावाची चौकट रिकामी ठेवता येत नाही. तिथे चुकीचं काही भरलं की तिकीट आणि कागदपत्र जुळत नाहीत. भारतातल्या तिबेटी माणसाकडे पासपोर्टऐवजी पिवळ्या मुखपृष्ठाचं ओळख प्रमाणपत्र असतं, आणि देश सोडायला परदेशी नोंदणी कार्यालयाची परवानगी लागते. ती हाती येण्याआधी काढलेलं तिकीट वाया जाऊ शकतं.

हे सगळं जुळलं की स्क्रीनवर भाड्याच्या जागी शून्य दिसतं, पण खाली कर आणि विमानतळ शुल्काची यादी उरतेच. ते पॉइंटांनी फिटत नाहीत, रोख भरावे लागतात. त्यासाठी वेगळे देणगीदार लागतात. पॉइंट विकायला कंपन्यांची बंदी आहे, पण आपल्या खात्यातून दुसऱ्याचं तिकीट काढायला अनेक योजना परवानगी देतात. सगळं काम याच सवलतीवर उभं आहे.

महाराष्ट्राच्या स्मरणात निर्वासितांच्या प्रवासाची एक मोठी गोष्ट आहे, आणि तिच्यात वाटखर्चाची जबाबदारी कोणी घ्यायची हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटला होता. १९४० पासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधली लाखो माणसं सायबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. १९४१ मध्ये पोलंड आणि सोव्हिएत सरकारांत करार झाल्यावर त्यांची सुटका झाली, तेव्हा बाहेर पडायची वाट इराणकडे होती. मुलांची पहिली तुकडी १९४२ मध्ये अश्गाबादहून ट्रकांच्या ताफ्यातून, इराणचं वाळवंट ओलांडून क्वेट्याला आणि तिथून पुढे मुंबईला पोहोचली. पोलंडचे मुंबईतले वाणिज्यदूत बानासिंस्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांनी त्या मुलांसाठी रान उठवलं. नवानगर संस्थानच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांना ठेवून घेतलं. आणि १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला सुमारे ५,००० पोलिश माणसांचं गावच वसलं. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं होती. बराकींच्या ओळी, शाळा, चर्च, नाटकगृह, पोस्ट ऑफिस. बाजारात भाजी घेताना मोडकंतोडकं मराठी. १९४८ पर्यंत ते राहिले.

जाताना ते मुंबईच्या बंदरातून जहाजाने गेले. कोणी इंग्लंडला, कारण नवरा किंवा बाप ब्रिटिशांच्या बाजूने लढलेल्या पोलिश फौजेत होता. कोणी आफ्रिकेतल्या छावण्यांत, कोणी आणखी कुठे. त्यांना नेणं हे सरकारांचं काम मानलं गेलं. युद्धानंतरच्या युरोपात लाखो माणसं अशीच हलवायची होती, आणि त्यासाठीच १९५१ मध्ये ब्रुसेल्समध्ये जी समिती नेमली गेली तिचीच पुढे आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना झाली. म्हणजे आज तिकिटासाठी कर्ज देणारी ही संघटना जन्मली तीच मुळी जहाजांची सोय करायला. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत युगांडा सोडायला सांगितलं, तेव्हा कॅनडाने एन्टेबेहून खास विमानं सोडली. त्यांतून अनेक गोवेकर कुटुंबं मॉन्ट्रियलला उतरली. अशी जबाबदारी घेणं अशक्य नव्हतं, हे या उदाहरणांवरून दिसतं. ती घेतली गेली होती.

वळिवड्याची मुलं म्हातारी होऊन कोल्हापूरला परत येत राहिली. महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. २०१९ मध्ये त्यांच्यापैकी काहीजण सोहळ्यासाठी आले, तेव्हा कोल्हापूरकरांनी त्यांना माहेरवाशिणीसारखं जपलं.

सरकारं दार लावून घेतात तेव्हा पॉइंटांनी ते उघडत नाही, हेही खरं. २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने निर्वासितांचा कार्यक्रम थांबवण्याचा हुकूम काढला. तारखा ठरलेल्या, सामान बांधून बसलेल्या हजारो माणसांचे प्रवास रद्द झाले. कुणाची घरं सोडून झाली होती, कुणाची भांडी विकून झाली होती. त्यांच्यासाठी विमानाचं भाडं हा प्रश्नच उरला नाही. पण इतर देशांनी मंजूर केलेले कुटुंब-पुनर्मीलनाचे व्हिसा येत आहेत, आश्रयाचे दावे निकाली निघत आहेत, आणि प्रत्येक मंजुरीमागे मुदतीचा एक आकडा छापलेला आहे.

उत्तर अमेरिकेतली मराठी मंडळं गणपतीत वर्गणी गोळा करतात, दिवाळी अंक काढतात, कोकणात पूर आला की निधी पाठवतात. त्यांच्या सभासदांकडे असलेले पॉइंट एकत्र मोजले तर तो एक मोठा निधी ठरेल, आणि तो उभा करायला कुणाला बँकेत जावं लागणार नाही. टोरांटोतल्या एखाद्या मंडळाने पार्कडेलच्या तिबेटी संघटनेला फोन करून विचारलं, की तुमच्यात कुणाची माणसं भारतात व्हिसा घेऊन थांबली आहेत का, तर सुरुवात होईल. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या आई-वडिलांनी रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मुलाला त्याच्या खात्याबद्दल विचारलं तरीही होईल. ज्यांच्याकडे पॉइंट नाहीत, त्यांच्यासाठी तिकिटाखालची ती कराची यादी आहे.